ख्यालीखुशाली नंतर, आधी डझन सांगा

टॉवेलवाली: परवा इथं एकानं लिहिलं, "सोलापुरी माणूस आधी ख्यालीखुशाली विचारतो, मग काम. हीच आपली संस्कृती." डोकंच उठलं. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचं डिस्पॅच बघते. नऊला मेसेज, "मॅडम, नमस्कार." साडेनऊला, "चहा झाला का?" अकराला, "एक काम होतं." काम कळतं दुपारी तीनला, तोवर टेंपो गेलेला. अहो, पहिल्या ओळीतच सांगा ना काय हवं, किती, कधीपर्यंत! आणि "६० चे पाठवा" म्हणजे? तीस बाय साठ इंचाची साईज की साठ डझन? मागच्या महिन्यात मी साईज समजले, त्याला डझन हवे होते. बोलणी मी खाल्ली.

यंत्रमाग_तिसरी_पिढी: ताई, हे खुर्चीवरून ठीक आहे. आमच्याकडं मागाच्या खडखडाटात निम्मं बोलणं खुणांनीच चालतंय. कामगाराला तेलुगूत "बागुन्नारा?" (बरे आहात ना?) न विचारता नुसतं "बीम लावा" म्हणलं, तर दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या कारखान्यात. वडिलांनी चाळीस वर्षं असाच धंदा केला.

टॉवेलवाली: समोर असेल तर विचारा की! मी मेसेजचं बोलतेय.

होटगीरोड: ते सोडा. खरा ताप "गड्ड्यानंतर बघू" हा आहे. गड्डा म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेला होम मैदानावर भरणारी आपली जत्रा. एका व्यापाऱ्यानं पेमेंटला हेच सांगितलं. कप्पडकळी, म्हणजे यात्रेचा शेवटचा विधी, झाली, दुसऱ्या दिवशी मी दारात. तर म्हणे, "होम मैदानावर पाळणे फिरतायत अजून. गड्डा संपला कुठं?"

जुनी_मिल: बरोबर आहे त्याचं. भोगीला अक्षता, संक्रांतीला होम, किंक्रांतीला दारूकाम, मग कप्पडकळी, ही झाली यात्रा. गड्डा पाळणे उतरेपर्यंत.

होटगीरोड: म्हणजे माझे पैसे पाळणेवाल्याच्या हातात?

जुनी_मिल: यात्रेची टिंगल नको.

होटगीरोड: यात्रेची कोण करतंय? नंदीध्वजापुढं दरवर्षी हात जोडतो मी. टिंगल उधारीची चाललीय. तुम्हीपण व्यापारीच दिसताय!

जुनी_मिल: असेन. तारीख लिहून घ्यायची अक्कल तुम्हाला नव्हती, त्यात माझा काय दोष?

टॉवेलवाली: हेच तर मी वरती लिहिलंय!!

यंत्रमाग_तिसरी_पिढी: बरं, आता सांगतोच. परवा मी सूतवाल्याला लिहिलं, "जरा लवकर बघा." तो बघतच बसला, दोन दिवस माग बंद. ताईंचं एवढं मान्य. बागुन्नारा मात्र सोडणार नाही.

टॉवेलवाली: नका सोडू. त्याच मेसेजात खाली डझन लिहा, झालं. होटगीरोड, पैसे मिळाले का ओ शेवटी?

होटगीरोड: होळीनंतर बघू म्हणालाय.