हीथ्रो ते गॅटविक, ३ तासांत?
लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरून ३ तासांनी लंडनच्याच दुसऱ्या विमानतळावरून, गॅटविकहून, पुढचं फ्लाइट जमेल का असं विचारलंय, आणि सगळे म्हणतायत आरामात होईल, तर अजिबात घेऊ नका हो ते तिकीट! नॅशनल एक्स्प्रेसची डायरेक्ट बस आहे खरी, पण ती एम २५ या लंडनभोवतीच्या हायवेवरून जाते आणि तो रस्ता तुंबला की तुंबलाच. ट्रेनने जायचं तर एलिझाबेथ लाइनने फॅरिंग्डन, तिथे थेम्सलिंक पकडली की थेट गॅटविक, ट्रॅफिकची कटकट नाही, बॅगा मात्र आपल्यालाच ओढायच्या.

आणि व्हिसाचं कुणी बोललंच नाही! भारतीय पासपोर्टवर इथे एअरसाइड ट्रान्झिट व्हिसा (इमिग्रेशन न ओलांडता विमानतळाच्या आतच फ्लाइट बदलणाऱ्यांसाठीचा) चालत नाही कारण इमिग्रेशनमधून बाहेर पडावंच लागतं, त्यामुळे व्हिजिटर इन ट्रान्झिटवाला काढावा लागतो (अमेरिकेचा वगैरे व्हॅलिड व्हिसा असेल तर काही जणांना सूट मिळते, पण नियम नीट वाचून घ्या). बॅगसुद्धा सहसा हीथ्रोच्या बेल्टवरून उचलून गॅटविकला परत चेक-इन करायची, त्यात किती वेळ जातो ते धरलंय का कुणी? शिवाय तिकिटं वेगवेगळी काढलेली असतील आणि दुसरं विमान चुकलं, तर ते पैसे गेलेच समजा. मी तरी ६ तासांच्या खाली बुक करणार नाही.