पूर्व बाली, कारांगासेम: तुम्ही काय पाहिलंत? (अनुभव धागा)

बालीला जाऊन आलेल्यांच्या गप्पांत कुटा, उबुद, तानाह लोत ही नावं हमखास निघतात. बेटाच्या पूर्व टोकाचा कारांगासेम जिल्हा त्यात आलाच तर एका फोटोपुरता येतो. लेम्पुयांगच्या देवळाची मधोमध दुभंगलेली कमान, तिच्यातून दिसणारा आगुंग पर्वत आणि पायाशी नितळ तळं. ते तळं तिथे नाही. फोटोवाला मोबाइलच्या भिंगाखाली आरशाचा तुकडा धरतो आणि फरशीचं पाणी होतं.

मी आणि बाबा टोकन घेऊन तीन तास बसलो होतो. मग बाबा म्हणाले, "अगं, देवळात आलोय ना आपण? देव कुठे आहे मग?" देव वर होता. लेम्पुयांग लुहुर हे सगळ्यात वरचं देऊळ, सुमारे १७०० पायऱ्या चढून. टोकन मागच्या जोडप्याला देऊन टाकलं आणि निघालो. अर्ध्या वाटेवर बाबांना धाप लागली, मी कुरकुर सुरू केली. नैवेद्याची टोपली डोक्यावर घेऊन चाललेल्या एका बाईने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. या वाटेवर "दमले", "किती राहिलं" असं बोलायचं नसतं, बोललं की वर पोचणं होत नाही, असं तिने खाणाखुणांनी समजावलं. वर पुजाऱ्याने तीर्थ शिंपडलं, ओले तांदूळ कपाळाला लावायला दिले. बाराच्या सुमारास खालच्या कुठल्याशा गावातल्या कर्ण्यावरून त्रिसंध्या, म्हणजे दिवसातून तीनदा म्हणायची प्रार्थना, ऐकू यायला लागली. तिची सुरुवात गायत्री मंत्राने होते. चाल वेगळी, शब्द आपलेच. बाबांनी हात जोडले आणि त्यांच्या चालीत म्हणायला लागले.

आगुंग त्या दिवशी ढगातच होता. फोटो नाही मिळाला, पण घरी आल्यापासून बाबा त्या दुपारीबद्दलच बोलतात. म्हणून हा धागा. कारांगासेममध्ये राहून आलेल्यांनी लिहा. ठिकाणांची यादी नको. एखादी जागा, एखादी ऐकलेली गोष्ट, जी अजून मनात घोळते आहे, ती नीट सांगा.

माळरान

आगुंगच्या उतारावरच्या बेसाकिहच्या मोठ्या देवळात जाणार असाल तर आधी त्या जागेची गोष्ट ऐका. आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकांनी (तिथे वडीलधाऱ्या पुरुषाला "पाक" म्हणतात) ती रात्री ओसरीवर सांगितली.

बेसाकिहच्या जागी बासुकी राहतो, म्हणजे आपला वासुकी नाग. सिद्धिमंत्र नावाचा एक तपस्वी दूध घेऊन तिथे यायचा, घंटा वाजवायचा, नाग बाहेर येऊन दूध प्यायचा आणि त्याला सोनं द्यायचा. तपस्व्याचा मुलगा माणिक आंग्केरान जुगारी. त्याने बापाची घंटा चोरली, नागाकडून सोनं मिळवलं, आणि नाग बिळात परतायला वळला तेव्हा त्याच्या शेपटीवरचं रत्न दिसलं. मुलाने शेपूटच छाटली. नागाने त्याच्या पावलाचा ठसा नुसता चाटला आणि मुलाची राख झाली. बाप धावत आला, गयावया केली, शेपूट पुन्हा जोडून दिली, तेव्हा नागाने मुलाला उठवलं. पण मुलगा आता बेसाकिहच्या सेवेलाच राहायचा होता. परत जाताना बापाने काठीने जमिनीवर रेघ ओढली, मुलाला मागे येता येऊ नये म्हणून. रेघेत समुद्र भरला. तीच जावा आणि बालीमधली सामुद्रधुनी.

काकांनी इथे गोष्ट थांबवली आणि म्हणाले, "आम्ही सगळे त्या रेघेच्या अलीकडचे."

दुसरी गोष्ट त्यांच्या आईची, आणि ती घडलेली आहे. बेसाकिहला शंभर वर्षांतून एकदा "एक दस रुद्र" नावाचा मोठा विधी असतो. आपले एकादश रुद्रच. १९६३ साली त्याची तयारी चालू असतानाच फेब्रुवारीत आगुंग धुमसायला लागला. ८ मार्चला मुख्य पूजा झाली, १७ मार्चला डोंगर फुटला. हजाराहून जास्त माणसं गेली. लाव्हा देवळाच्या अगदी जवळून वाहत गेला, देऊळ राहिलं. आजी तेव्हा लहान होत्या. त्यांना दिवसाढवळ्या दिवे लावल्याचं आणि विहिरीवर केळीची पानं झाकल्याचं आठवतं. विधी पुन्हा १९७९ मध्ये केला, कारण शके १९०० सरत होतं. होय, आपल्या पंचांगातलंच शक. ते ऐकून मी बराच वेळ गप्प होतो.

धोटा

माहेर येवल्याचं, घरात पैठणीचे माग. त्यामुळे तेंगानान या गावी मी फक्त एका कापडासाठी गेले. गेरिंगसिंग. "गेरिंग" म्हणजे आजार, "सिंग" म्हणजे नाही. अंगावर असलं की रोग जवळ येत नाही, असं गाव मानतं.

उभं आणि आडवं, दोन्ही सूत विणण्याआधीच गाठी बांधून रंगवायचं, आणि मग विणताना दोन्हींची नक्षी एकमेकींवर आणायची. एका सुताची बांधणी आपण पुष्कळ बघतो; दोन्ही सुतांची जगात मोजक्या ठिकाणी होते, आणि इंडोनेशियात या एकाच गावात. मी बसले होते त्या बाईंचा माग कमरेला पट्ट्याने बांधलेला होता. ताण हवा असला की त्या मागे रेलत, सैल हवा असला की पुढे झुकत. दोन-चार आडवे धागे टाकले की हातातल्या बारीक टोकदार काडीने एकेक उभा धागा सरकवून ठिपका ठिपक्याखाली आणत. एक तास मी बघत होते. कापड बोटभरही पुढे सरकलं नव्हतं.

लाल रंग बारतोंडीच्या मुळांच्या सालीचा, आपल्याकडे जिला आल म्हणतात तीच. पिवळसर छटा जंगली अक्रोडाच्या तेलाची. निळीचं काम गावात करायचंच नाही असा दंडक, ते सूत शेजारच्या गावातून निळं होऊन येतं. एकेका कापडाला वर्षं लागतात. मी बाईंना गुजरातेतल्या पाटणच्या पटोल्याचे फोटो दाखवले, तेही दोन्ही सुतांचंच काम. पटोला विणणाऱ्या साळवी घराण्यांत सांगतात की त्यांचे पूर्वज आपल्या जालन्याहून पाटणला नेलेले. बाईंना जालना कुठे ते कळायचं कारण नव्हतं. पण फोटो मोठा करून त्यांनी एका जागी बोट ठेवलं, जिथे लालाची कड किंचित पसरली होती, आणि हसल्या. दोन्ही सुतांच्या कामात ती कड पसरतेच. माग ओळखणाऱ्या माणसाशी बोलायला भाषा लागत नाही हे मला तिथे कळलं.

त्या गावाची जमीन कशी मिळाली तेही सांगते. राजाचा यज्ञाचा घोडा हरवला, त्याचं नाव ओंचेस्रवा, म्हणजे उच्चैःश्रवा. गावकऱ्यांना तो मेलेला सापडला. राजा म्हणाला, जिथवर घोड्याचा वास येईल तिथवरची जमीन तुमची. राजाचा माणूस चालत सुटला, वास काही संपेना, कारण सोबतच्या गावप्रमुखाने घोड्याच्या मांसाचा तुकडा कपड्यात लपवला होता. गावात हे अभिमानाने सांगतात, मुलांनाही पाठ आहे.

अंगणवेल

आम्ही शाकाहारी. धाग्यातल्या कुणी तिथे जेवणाचं काय केलं? आणि धोटाताई, तेंगानानला काटेरी पानांची लढाई असते ती पाहिलीत का?

धोटा

लढाई चुकली. ती जूनच्या आसपासच्या उत्सवात असते, इंद्रासाठी. केवड्यासारख्या काटेरी पानांची जुडी एका हातात, वेताची ढाल दुसऱ्या हातात. जखमांवर हळदीचा लेप लावतात. एका मुलाने पाठीवरचे वण दाखवले, बस्स.

पाऊलवाट

जेवणाबद्दल: तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), ताहू (टोफू), भाजी, भात सगळीकडे मिळतं. घोटाळा सांबल या तिखट चटणीत होतो, त्यात सुक्या कोळंबीचं तेरासी असतं. "तान्पा तेरासी" (तेरासी नको) एवढं म्हणायला शिका.

पण एक पंगत आम्ही कधी विसरणार नाही. कारांगासेममध्ये "मगिबुंग" असतं. एका मोठ्या पानावर भाताचा ढीग, त्याभोवती आठ जण मांडी घालून. प्रत्येकाने आपल्या समोरच्या बाजूचंच घ्यायचं, हातातून सांडलेलं परत ढिगात टाकायचं नाही, आणि सगळ्यांचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही. पाणी मातीच्या चंबूतून, तोंड न लावता, वरून. आम्ही मांस खात नाही म्हटल्यावर यजमानांनी आमच्या बाजूला नारळ घातलेली शेंगांची भाजी वाढली आणि उरलेल्या सहा जणांनी आमच्या बाजूला हातही नेला नाही. माझ्या सासूबाई अशा कुणाच्या पानात कधी जेवल्या नव्हत्या. त्या दिवशी जेवल्या.

निळी लाट

मी पाण्याखालचा माणूस, देवळांचं फार माहीत नाही. तुलांबेनला किनाऱ्यापासून चालत पाण्यात शिरायचं आणि थोड्याच अंतरावर लिबर्टी हे अमेरिकी मालवाहू जहाज. जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने ते फोडलं, ओढून किनाऱ्याला लावलं, आणि तिथे ते वीस वर्षं पडून होतं. मग १९६३ चा तोच उद्रेक. जमीन हादरली आणि जहाज घसरून पाण्यात गेलं. आज त्याच्या फासळ्यांवर पोवळी आहेत. किनारा वाळूचा नाही, काळ्या गोट्यांचा आहे. लाट परतताना ते गोटे एकमेकांवर घासून जो आवाज करतात तो मला अजून झोपेत ऐकू येतो. माळरान यांची गोष्ट वाचेपर्यंत हे दोन्ही एकाच डोंगराचं काम आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

खाजण

आमचं घर उरणचं, आजोबा मिठागरात राबले. आमेदला मीठ बघायला गेलो तर पद्धत वेगळीच. आपल्याकडे भरतीचं पाणी वाफ्यांत घेतात. तिथे माणूस कावडीने समुद्राचं पाणी वाहून आणतो आणि तयार केलेल्या मातीवर शिंपडतो. ऊन खाल्लं की ती खारी माती खरवडून बांबूच्या शंकूसारख्या टोपलीत भरतो, वरून पुन्हा समुद्राचं पाणी. खाली थेंब थेंब जे गळतं ते दाट खारं पाणी नारळाच्या चिरलेल्या, कोरलेल्या खोडांत ओततात. जनावरांच्या डोणीसारखी ही खोडं किनाऱ्यावर रांगेने मांडलेली असतात. काही उन्हांनी त्यांत मीठ धरतं.

त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मला चिमूटभर दिलं. जिभेवर ठेवलं, कडवटपणा अजिबात नाही. मी त्यांचे तळवे बघितले. आजोबांच्या तळव्यांना होत्या तशाच भेगा, तशाच पांढऱ्या कडा. अर्धा किलो विकत घेतलं. आईने त्यातलं थोडं आजोबांच्या फोटोपुढे वाटीत ठेवलं आहे, बाकीचं कैरीच्या लोणच्यात गेलं.