शब्दचर्चा : ‘घटक’ की ‘रचना-एकक’? आणि ‘सच्छिद्र’ पुरेसं आहे का?

प्रश्न : अकरावीच्या मुलांसाठी झिओलाइट या सूक्ष्म छिद्रांच्या खनिजांवर मराठी टिपण लिहिते आहे. ‘बिल्डिंग युनिट’ला ‘घटक’ म्हणावं का? ‘पोरस’ला ‘सच्छिद्र’ चालेल ना? पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतल्या स्टिलबाइट या झिओलाइटपासून सुरुवात करायचा विचार आहे.

उत्तर : ताई, सुरुवात छान आहे. पण ‘घटक’ नको. घटक म्हटलं की सिलिकॉन, ॲल्युमिनियम, ऑक्सिजन अशी यादी डोळ्यांपुढे येते. इथे मुद्दा आकाराचा आहे. मधोमध सिलिकॉन किंवा ॲल्युमिनियमचा अणू आणि चार कोपऱ्यांवर ऑक्सिजन, असा हा चतुष्फलक (चार त्रिकोणी बाजूंचा आकार). प्रत्येक ऑक्सिजन दोन चतुष्फलकांत सामाईक असतो. म्हणून ‘रचना-एकक’ लिहा. नुसतं ‘एकक’ लिहिलंत तर मुलं मीटर-किलोग्रॅमकडे जातील.

या शब्दाची खरी गंमत पुढे आहे. चार चतुष्फलकांची चौकोनी कडी होते, सहांची षट्कोनी कडी होते. अशा कड्यांनी 24 चतुष्फलकांचा सोडालाइट पिंजरा बनतो. हे पिंजरे एकमेकांना थेट चिकटले तर सोडालाइट हे खनिज. चौकोनी कड्यांच्या जोडीने सांधले तर झिओलाइट-ए, षट्कोनी कड्यांच्या जोडीने सांधले तर फौजासाइट हा झिओलाइट. पिंजरा तोच, सांधा बदलला की खिडकी, म्हणजे पोकळीत शिरायची वाट, बदलते : झिओलाइट-एची साधारण 0.4 नॅनोमीटर, फौजासाइटची 0.74. मला तरी हे अख्ख्या रसायनशास्त्रातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं. टिपणात याला भरपूर जागा द्या.

‘सच्छिद्र’ चुकीचं नाही, अपुरं आहे. माठही सच्छिद्रच, पण त्याची छिद्रं लहानमोठी, वेडीवाकडी. झिओलाइटची पोकळी स्फटिकाच्या नक्षीचाच भाग असते, सगळीकडे एकाच मापाची. म्हणून तर ती रेणू मापाने वेगळे करते. ‘सूक्ष्मछिद्री स्फटिक’ लिहा आणि ‘छिद्रं नियमित असतात’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.

प्रश्न : मग कड्या आधी तयार होतात आणि नंतर जुळतात, असं लिहू?

उत्तर : असं नको. कड्या, पिंजरे ही तयार झालेली रचना समजून घेण्याची आपली सोय आहे. स्फटिक त्याच तुकड्यांतून वाढला असं त्यावरून ठरत नाही. प्रयोगशाळेत सिलिका आणि ॲल्युमिनाचं अल्कधर्मी जेल बंद भांड्यात, बहुधा 100 ते 200 अंश सेल्सिअसला, काही तास ते काही दिवस तापवतात. हायड्रॉक्साइडमुळे सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तुटतात, पुन्हा जुळतात, आणि त्या घडामोडीतून स्फटिक वाढतो. तेव्हा ‘जुळणी’पेक्षा ‘वाढ’ हा शब्द प्रामाणिक. पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झिओलाइट उत्प्रेरकांवर मोठं काम झालंय, हेही मुलांना जरूर सांगा.

आणखी एक उत्तर : खनिजांची आवड म्हणून दोन गोष्टी सुचवतो. ‘झिओलाइट’ हे नाव स्वीडनच्या क्रोनस्टेटने 1756 मध्ये दिलं. तापवल्यावर दगड उकळल्यासारखा फसफसला, म्हणून ग्रीकमधून ‘उकळता दगड’. ते पाणी या पोकळ्यांतलंच. दुसरं, वाघोलीचा निळा कॅव्हनसाइट हा खनिज-स्फटिक स्टिलबाइटवर बसलेला मिळतो. पण तो व्हॅनेडियमचा सिलिकेट आहे, झिओलाइट नाही. अपोफिलाइट हे खनिजही झिओलाइट नाही. चित्र छापताना तळटीप टाका.

प्रश्नकर्ती : टाकते. आणि ‘जुळणी’ सगळीकडून काढते.