‘ऊर्ध्वपातित पाणी’ला ‘शुद्ध पाणी’ म्हणावं का?

प्रश्न

शाळेच्या एका प्रयोगवहीचं मराठी तपासते आहे. मुळात जिथे डिस्टिल्ड वॉटर आहे तिथे सगळीकडे ‘शुद्ध पाणी’ लिहिलंय. ‘ऊर्ध्वपातित’ मुलांना जड जातो, असं कारण दिलंय. हे चालेल का? दुसरा सोपा शब्द आहे का?

उत्तर

कृपया चालवू नका. ‘ऊर्ध्वपातित’ हा शब्द कृती सांगतो: पाणी उकळलं, वाफ थंड केली, थेंब धरले. ते किती शुद्ध आहे याची हमी त्यात नाही. मीठ, चुना असे न उडणारे पदार्थ मागे भांड्यात राहतात हे खरं. पण अमोनिया, अल्कोहोल यांसारखे पदार्थ वाफेसोबत पलीकडे जातात. म्हणून तर सुरुवातीला येणारं पाणी टाकून देतात.

पुढची गोष्ट प्रयोगवहीसाठी जास्त महत्त्वाची आहे. हे पाणी उघडं राहिलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो, सौम्य कार्बॉनिक आम्ल तयार होतं आणि सामू (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा) ७ वरून ५.६ च्या आसपास उतरतो. विद्युतवाहकतेचंही तसंच. अतिशुद्ध पाण्यातही थोड्या रेणूंचं आयनीभवन होतंच, म्हणजे ते विद्युतभारित कणांत (आयनांत) तुटतात, त्यामुळे २५ अंश सेल्सिअसला त्याची वाहकता ०.०५५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर असते. हवा लागलेल्या ऊर्ध्वपातित पाण्याची १ च्या घरात जाते. वहीत ‘शुद्ध पाण्याचा सामू मोजा’ असं असेल तर मुलांना ७ मिळणार नाही आणि बिचारी आपलंच काही चुकलं असं समजतील.

भांड्याचा थोडा अंशसुद्धा पाण्यात विरघळतो. पाण्याची माती होते हा जुना समज फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएनं १७७० मध्ये खोडला तो यावरूनच. ऊर्ध्वपातित पाणी बंद काचपात्रात त्यानं १०१ दिवस तापवत ठेवलं होतं. तळाशी जमलेला गाळ काचेतून आला होता, हे त्यानं वजन करून दाखवलं.

आणखी एक उत्तर

‘गाळलेलं पाणी’ कुणी सुचवेल. हातभट्टीची दारू ‘गाळतात’ तेव्हा ते ऊर्ध्वपातनच असतं, पण पाणी गाळायचं म्हटलं की डोळ्यांसमोर फडकं नाहीतर गाळणी येते. तेव्हा तो नको.

हिंदीवरून भाषांतर होत असेल तर जास्तच जपा. हिंदीत डिस्टिलेशनला ‘आसवन’ म्हणतात आणि ‘ऊर्ध्वपातन’ म्हणजे कापूर, नवसागर यांची द्रव न होता थेट वाफ होणं. त्याला आपण ‘संप्लवन’ म्हणतो. आयुर्वेदातल्या रसशास्त्रात पाऱ्याच्या पातनाचे ऊर्ध्व (वर), अधः (खाली) आणि तिर्यक् (तिरकं) असे तीन प्रकार आहेत. आजच्या उपकरणात वाफ तिरक्या नळीतून दुसऱ्या भांड्यात उतरते. म्हणजे खरं तर ‘तिर्यक्पातन’ जास्त शोभला असता! पण मराठीत ‘ऊर्ध्वपातन’ पक्का रुळलाय, तो बदलू नये.

पुरवणी

गॅरेजात बॅटरीत घालतात त्या पाण्याला सरसकट ‘डिस्टिल वॉटर’ म्हणतात, पण कॅनवर बऱ्याचदा ‘डीएम’ (डिमिनरलाइज्ड) छापलेलं असतं. ते उकळलेलं नसतं. रेझिनमधून (आयन धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांमधून) सोडून त्यातले क्षार काढलेले असतात. बॅटरीला क्षार नकोत, तेव्हा तिचं काम भागतं. रेझिन मात्र फक्त विद्युतभारित आयन पकडतं. साखरेसारखा पदार्थ त्यातून सरळ निघून जातो. त्याला ‘क्षारमुक्त पाणी’ म्हणा. इंजेक्शनची पावडर विरघळवायचं पाणी ‘निर्जंतुक’ हवं, ती तिसरीच अट. ही तिन्ही एका ‘शुद्ध’मध्ये कोंबली तर कुठलं पाणी घ्यायचं हे वाचणाऱ्याला कळणार कसं?

प्रश्नकर्ती

पटलं. ‘ऊर्ध्वपातित पाणी’ ठेवते आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘वाफ थंड करून मिळवलेलं’ असं जोडते. सामूच्या प्रयोगात काय लिहू?

उत्तर

‘ऊर्ध्वपातित पाणी काही मिनिटं उकळून, झाकून गार केलेलं’ असं लिहा. उकळल्यानं विरघळलेला वायू निघून जातो. आणि बाटलीचं बूच लगेच लावायची सूचना त्याच ओळीत द्या. तळटीप मुलं वाचत नाहीत.