शब्दचर्चा : 'विकिरण', 'प्रकीर्णन' की सरळ 'विखुरणं'?

कोथरूडची मावशी : भाची पीएचडी करते. विषय सगळा गणिताचा : अणुकेंद्रावर न्यूट्रॉन सोडला तर तो कुठल्या दिशेला किती प्रमाणात जाईल. सोसायटीतल्या काकांना मी सांगितलं, "अणुकेंद्रावरून कणांचं विकिरण." काका घाबरलेच. "मग तिला शिशाचा अ‍ॅप्रन देतात ना?" पोरगी दिवसभर कागद आणि लॅपटॉप घेऊन बसते हो! कण असे आदळून वेगवेगळ्या दिशांना जातात त्या 'स्कॅटरिंग'ला नेमका शब्द कोणता?

निवृत्त मास्तर : काकांचं फार चुकलं नाही. हिंदीत विकिरण म्हणजे रेडिएशन, आणि तो अर्थ बातम्यांतून आपल्याकडे शिरला. आपण शाळेत वहन, अभिसरण, प्रारण शिकवतो, म्हणजे रेडिएशनला 'प्रारण'. 'विकिरण' ठेवला प्रकाशाच्या स्कॅटरिंगसाठी. त्यात 'किरण' दिसतो म्हणून घोटाळा वाढतो. खरं तर किरण, विकीर्ण, प्रकीर्ण, संकीर्ण ही सगळी 'कॄ' (उधळणे, पसरणे) या एकाच धातूची पोरं. मी 'प्रकीर्णन' म्हणेन. विश्वकोशातही तो आहे.

सदाशिवपेठी : प्रकीर्ण म्हटलं की मला मंडळाच्या हिशेबातला 'प्रकीर्ण खर्च' आठवतो. विखुरणं म्हणा की! अडचण एकच : ज्वारी विखुरते, एकटा दाणा विखुरत नाही. न्यूट्रॉन एकच असेल तर तो फक्त वळला. मग 'विचलन'?

पाषाणकर : याच विषयात काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो. विचलन नको. त्यात एक कण, एक वाट असं चित्र येतं. भौतिकशास्त्रज्ञ रदरफोर्डने 1911 साली अल्फा कणांचा (धन विद्युतभाराच्या कणांचा) हिशेब तसाच केला होता, आणि विद्युत प्रतिकर्षणापुरतं त्याचं सूत्र पुढे पुंजयामिकीतही (क्वांटम मेकॅनिक्समध्ये, जिथे कणालाही लाट मानतात) जसंच्या तसं निघालं. नशीबवान माणूस! पण न्यूट्रॉनसाठी आम्ही येणारी लाट मांडतो आणि केंद्रावरून सर्व दिशांना पसरत जाणारी दुसरी. कण एकटाच असला तरी त्याची लाट विखुरते. सापडतो मात्र तो एकाच ठिकाणी. तेव्हा पेठेतला दाणा इथे खरोखरच विखुरतो.

खरा वैताग देतो तो 'काटछेद', म्हणजे क्रॉस-सेक्शन. शब्द ऐकला की काकडीची चकती डोळ्यांपुढे येते. झेनॉन-135 या अणूच्या केंद्राची चकती काढली तर सव्वा बार्नच्या आसपास भरेल (1 बार्न म्हणजे 10⁻²⁴ चौरस सेंटिमीटर). पण मंद न्यूट्रॉन गिळण्याचा त्याचा काटछेद आहे सुमारे 26 लाख बार्न! म्हणजे तो आकार नव्हे, घटना घडण्याची शक्यता क्षेत्रफळाच्या मापात सांगितलेली.

गिळण्यावरून आठवलं. 1954 साली फेशबाख, पोर्टर आणि वाइसकोफ या भौतिकशास्त्रज्ञांनी केंद्र हा धुरकट काचेचा गोळा मानला : थोडी लाट वळवतो, थोडी पोटात घालतो. ते पोटात घालणं समीकरणात विभवाच्या (पोटेन्शियलच्या, म्हणजे केंद्राचा कणावरचा प्रभाव मांडणाऱ्या राशीच्या) काल्पनिक भागातून येतं; काल्पनिक म्हणजे खोटा नव्हे, गणितातला 'इमॅजिनरी'. भाचीला विचारा, तिचे निम्मे दिवस त्यातच जात असतील.

निवृत्त मास्तर : इंग्रजीत बार्न म्हणजे कोठार, म्हणून बार्नला 'कोठार' करू नका म्हणजे झालं. एककाचं नाव आहे, असू दे तसंच.

कोथरूडची मावशी : प्रबंधाच्या मराठी सारांशात 'प्रकीर्णन' घालायला सांगते. काकांना म्हटलं, "न्यूट्रॉन विखुरतो." ते म्हणाले, "मग झाडायला कोण येतं?"