मुरमाड माळावर मिनी ट्रॅक्टरने लॉन करायचं आहे, सल्ला हवा

माळावरचा

सासवडच्या पुढे माळावर घर आहे. घराच्या दक्षिणेला १० गुंठे मोकळी जागा असून तिथे लॉन करायचा विचार आहे. वर दोन-तीन इंच तांबूस माती, खाली मुरूम, मध्ये मध्ये गोटे, आणि दोन ठिकाणी कातळ उघडा पडलाय. उतार घराकडे आहे. २४ एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टर, पाच फणांचा स्प्रिंगचा मोगडा (कल्टिव्हेटर), चार फुटी रोटाव्हेटर (रोटर) आणि मागे लावायची, जमीन सपाट करायची फळी एवढं हाताशी आहे. बोअरला पाणी आहे, पण एप्रिल-मेमध्ये जपून वापरावं लागतं.

प्रश्न असे: सरळ रोटर मारून सुरुवात केली तर चालेल का? जेसीबी लागेलच का? माती किती ब्रास आणावी? गवत कोणतं?

पहार_आणि_कुदळ

रोटर आत्ता लावू नका. या कामात रोटाव्हेटर सगळ्यात शेवटी लागतं.

आधी जमिनीखाली काय आहे ते बघा. फक्कीने (पांढऱ्या भुकटीने) दहा-दहा फुटांचे चौकोन आखा. १० गुंठ्यांत साधारण ११० चौकोन होतील. प्रत्येकाच्या मधोमध पहार मारा. मुरमात पहार 'थप' करून दोन-चार इंच शिरते. गोटा असेल तर अडते, पण दोन बाजूंनी हिसका दिला की थोडी हलते. कातळावर 'ठण्ण' आवाज येतो आणि हाताला झिणझिण्या येतात. प्रत्येक ठिकाणी पहार किती इंच गेली ते कागदावरच्या चौकोनात लिहा. पुढचे सगळे निर्णय त्याच कागदावरून होतील.

जिथे कातळ सहा इंचांच्या आत आहे तिथे लॉनचा हट्ट धरू नका. पावसाळ्यात सगळं सारखंच हिरवं दिसतं, पण एप्रिल लागला की खालच्या कातळाचा आकार जसाच्या तसा पिवळ्या डागात वर उमटतो. पाणी वाढवून तो डाग जात नाही, कारण मुळांना उतरायला जागाच नसते. उघडा कातळ तसाच ठेवून त्याच्या कडेने बसायची जागा किंवा फरशी करा. ब्रेकर लावून तो फोडण्यात पैसे घालण्यात काहीच अर्थ नाही.

दोन-तीन ठिकाणी दीड फूट खोल खड्डाही घ्या, पाणी भरा आणि ते जिरू द्या. मग पुन्हा भरा आणि दुसऱ्यांदा जिरायला किती वेळ लागतो ते मोजा. मुरमात ते तास-दोन तासांत उतरायला हवं. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर खाली कडक थर आहे. तिथे उतार आणि चर नीट काढल्याशिवाय माती टाकू नका.

फणकरी

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. यंत्राचं मी सांगतो.

कोरड्या मुरमावर मोगडा नुसता नाचतो. वळवाचा एक चांगला पाऊस पडू द्या किंवा स्प्रिंकलरने जमीन भिजवा आणि वापसा आला (ओल राहिली पण चिखल नाही) की लगेच मोगडा मारा. पहिली पाळी तीन इंचांची, लो गिअरमध्ये, अगदी सावकाश. दुसरी आडवी, पाच ते सहा इंच. स्प्रिंगचा मोगडा आहे हे उत्तम, गोट्याला फण अडला की मागे सरकून सुटतो. कातळात फण अडकून पुढची चाकं उचलायला लागली तर ताबडतोब क्लच दाबा, लिफ्ट वर घ्या आणि ती जागा फक्कीने खूण करून सोडून द्या. पुढे वजनं लावलेली हवीत आणि ड्राफ्ट कंट्रोल वापरा, म्हणजे ओढ वाढली की लिफ्ट आपोआप थोडी वर येते.

प्रत्येक पाळीनंतर दगड वेचणं आलंच. मुठीपेक्षा मोठा दगड वरच्या सहा इंचांत ठेवायचा नाही. आपल्याकडच्या काळ्या दगडाचे गोल गोटे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटतात. वरचे पापुद्रे पहारीने निघतात, पण आतला गड्डा कठीण असतो. असे दीड-दोन फुटी गड्डे असतील तरच जेसीबी बोलवा, आणि ते सगळे खुणा करून एकाच दिवसात काढून घ्या. मिनी ट्रॅक्टरला साखळी बांधून गोटा ओढायचा झालाच तर साखळी खालच्या ड्रॉबारलाच बांधा. टॉप लिंकला किंवा त्याहून वर बांधली तर ट्रॅक्टर मागे उलटतो. हे जिवावरचं आहे.

दगड वेचून झाल्याशिवाय रोटर मारला तर आधी पात्यांचे बोल्ट ढिले होतात, मग पाती वाकतात, आणि दगड गोफणीसारखे मागे उडतात. पीटीओ शाफ्टला (ट्रॅक्टरची ताकद रोटरला देणाऱ्या फिरत्या दांड्याला) शिअर बोल्ट असेल तर तो तुटण्यासाठीच दिलेला असतो. त्याच्या जागी जाड हाय-टेन्साइल बोल्ट घातला की पुढचा धक्का थेट गिअरबॉक्सला बसतो. पात्यात अडकलेला दगड काढताना पीटीओ बंद, इंजिन बंद आणि चावी खिशात.

माळावरचा

फार उपयोगी पडलं. वेचलेल्या दगडांचं काय करावं? आणि उतार घराकडे आहे, तो पूर्ण उलटवावा लागेल का?

लेव्हल_पाईप

पूर्ण उलटवायला गेलात तर भर टाकायलाच प्रचंड माल लागेल. घरापासून पहिले दहा-पंधरा फूट बाहेरच्या बाजूला उतार द्या, आणि जिथे दोन उतार भेटतात तिथे दगड भरलेला चर काढून पाणी बाजूने बाहेर न्या. चर दीड फूट खोल, एक फूट रुंद. खाली मोठे गोटे, वर लहान आणि सगळ्यात वर खडी. वेचलेला बराच दगड इथेच जिरेल. वरच्या अंगालाही एक चर हवा, नाहीतर पहिल्या जोरदार पावसात शेजारच्या माळाचं पाणी तुमची नवी माती घेऊन जाईल. उरलेला दगड बांधाला किंवा गाडीरस्त्याच्या सोलिंगला वापरा. ओढ्यात टाकू नका.

उतार १०० फुटांना एक फूट पुरतो, दोन फुटांपेक्षा जास्त नको. खुंट्या ठोका, लेव्हल पाईपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) खुणा घ्या, दोरी बांधा. फळीवर बसून डोळ्याने जे सपाट दिसतं ते पाणी पडल्यावर सपाट नसतं.

उतार मुरमाच्या थरातच पक्का करायचा, मातीच्या थरात नाही. माती सगळीकडे सारख्या जाडीची हवी. फळी मारताना उताराच्या दिशेने वर-खाली जा, आडवं जाऊ नका, मिनी ट्रॅक्टर अरुंद असतो. स्प्रिंकलरचे पाईप याच वेळी मुरमात चर घेऊन टाका आणि पाईपच्या खाली-वर दोन-दोन इंच वाळू भरा. टोकदार दगड पाईपला टेकलेला राहिला तर तो तिथेच फुटणार.

ब्रासचा_हिशोब

आता मातीचं गणित. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. १० गुंठ्यांवर सहा इंच माती म्हणजे ५४४५ घनफूट. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेव्हा जवळजवळ ५४ ब्रास. माती बसते, म्हणून २० ते २५ टक्के जास्त धरा. आकडा ६५ ते ६८ ब्रासवर जातो.

त्याहून महत्त्वाचं पाणी. कडक उन्हाळ्यात लॉनला दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे चौरस मीटरला पाच लिटर. १० गुंठे म्हणजे सुमारे १०१२ चौरस मीटर, तेव्हा रोजचं ५००० लिटर. सासवडचा पुरंदर तालुका पर्जन्यछायेचा भाग आहे, आणि तुम्हीच म्हणता की मे महिन्यात बोअर जपून वापरावी लागते.

माझं स्पष्ट मत: लॉन तीन गुंठ्यांचंच करा, घराला लागून. माती १६ ब्रास, बसण्यासकट २०. पाणी रोज १५०० लिटर. उरलेल्या सात गुंठ्यांतले गोटे काढा आणि तिथे माळाचं गवत व झाडं राहू द्या. पैसा तीन गुंठ्यांत खोल गेला तर लॉन टिकेल, दहा गुंठ्यांवर पातळ पसरला तर दोन उन्हाळ्यांत पुन्हा मुरूम दिसेल.

माती आणताना तहसील कार्यालयाची परवानगी आणि रॉयल्टीची पावती पुरवठादाराकडून बघून घ्या. माती हे गौण खनिज आहे.

पोयटा

मातीबद्दल भर घालतो. काळी माती लॉनला नको. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि मुरमावर तिचा वेगळाच थर होऊन बसतो. तलावाचा गाळ स्वस्त मिळतो, पण तो बहुधा चिकट काळाच असतो आणि त्यात लव्हाळ्याच्या, म्हणजे एका चिवट तणाच्या, गाठी असतात. तांबडी पोयट्याची माती बघा. मूठभर ओली करून लाडू वळा. बोटाने दाबल्यावर तो सहज फुटायला हवा.

टाकायची पद्धतही सांगतो. एक ब्रास माती चार टनांच्या आसपास भरते, त्यामुळे एकाच ढिगातून मिनी ट्रॅक्टरने ढकलत बसू नका. कडेने पाच-सहा ठिकाणी ढीग टाकून घ्या. आधी फक्त इंचभर माती पसरून मोगड्याने मुरमात मिसळा. हे टाळलं तर माती आणि मुरूम यांच्या सीमेवर मुळं अडकतात. मग तीन इंच माती, हलकं पाणी, बसू द्या. त्यावर उरलेली माती, इंचभर पूर्ण कुजलेलं शेणखत आणि गुंठ्याला पाच किलो सिंगल सुपर फॉस्फेट. आता रोटर काढा, तीन-चार इंच खोल, एकच पाळी. दोनदा-तीनदा मारलात तर मातीचं पीठ होतं आणि पहिल्या पावसात वर पापडी धरते.

मुरमात पांढरी चुनखडी दिसत असेल तर गवत लोहाअभावी पिवळं पडेल. तेव्हा युरियाचा मारा करू नका. लिटरला पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड घालून संध्याकाळी फवारा.

माळावरचा

तीन गुंठ्यांचं पटलं, तसंच करतो. लव्हाळा जागेत आधीच थोडा आहे. तो रोटरने मरणार नाही का?

गाठी_मोडा

उलट वाढेल. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत माळेसारख्या असतात. रोटर ती माळ तोडतो, आणि सुटी झालेली प्रत्येक गाठ नवं रोप देते. माती पसरून झाल्यावर लगेच गवत लावू नका. तीन आठवडे पाणी देऊन तण उगवू द्या. लव्हाळा थोडाच असेल तर खुरप्याने गाठीसकट उकरा, आणि नवा कोंब दिसला की दर आठवड्याला पुन्हा. जास्त असेल तर हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के हे त्यावरचं नेमकं तणनाशक आहे. ऊस-मक्यासाठी त्याचं प्रमाण एकरी ३६ ग्रॅम असतं, म्हणजे तीन गुंठ्यांना तीन ग्रॅमही होत नाही. तेव्हा अंदाजाने टाकू नका, आणि लॉनवर वापरायच्या आधी कृषी अधिकाऱ्यांना विचारा. फवारणीनंतर माती हलवू नका.

हिरवळ_उन्हातली

जागा दक्षिणेला म्हणजे भरपूर ऊन. सिलेक्शन नंबर १ हे गवत लावा. मेक्सिकन गवत दिसायला गादीसारखं छान, थोडी सावलीही चालते, पण फार सावकाश भरतं आणि तोवर तणांना रान मोकळं. गवताचे तयार गालिचे आणणार असाल तर खालची माती बघून घ्या. नर्सरीतले बरेच गालिचे चिकट काळ्या मातीवर वाढवलेले असतात. ती तुमच्या तांबड्या मातीवर तशीच बसली की पाणी वरच राहतं आणि मुळं खाली उतरत नाहीत. त्यापेक्षा चार-चार इंचांवर गवताची मुळांसकट चिमटी लावून घ्या, चौरस फुटाला नऊ. पावसाळी हवेत दीड-दोन महिन्यांत जागा भरते.

लावण्याआधी हातरोलर फिरवा आणि टाच दाबून बघा. अर्ध्या इंचापेक्षा खोल खड्डा पडला तर माती अजून सैल आहे. लावल्यावर तीन आठवड्यांनी गुंठ्याला एक किलो युरिया, लगेच पाणी. अडीच-तीन इंच उंची झाली की पहिली कापणी, वरचा एक तृतीयांश भागच. त्याआधी पंजाने खडे ओढून घ्या, नाहीतर मोअरचं पातं जाईल. कापायला ट्रॅक्टर लॉनवर आणू नका, भिजलेल्या मातीत चाकोऱ्या पडतात आणि त्या जात नाहीत.

फणकरी

वेळापत्रक मागे लावत या. पहार, चर आणि मोठे गोटे मार्च-एप्रिलमध्ये. वळवानंतर मोगडा, वेचणी, उतार. माती मेअखेर. जूनच्या पावसात ती बसू द्या, त्यातच तण उगवतील, ते काढा. चिमटी जुलैच्या मध्यावर, झड नसलेल्या दिवसांत. पावसाळा संपला की मातीतून खडे वर दिसायला लागतील. तेव्हा ते वेचून पाव इंच चाळलेली माती आणि शेणखत वरून पसरा. त्यासाठी २० मधली अर्धी-पाऊण ब्रास माती आत्ताच ताडपत्रीखाली झाकून ठेवा.