उन्हाळी शिबिरातील हस्तकला : घरी वापरात राहील असे मुलांकडून काय करून घ्यावे?

रास्तापेठकर
नमस्कार. मे महिन्यात आपल्या बेने इस्राएल (मराठी यहुदी) मुलांसाठी पुण्यात निवासी शिबिर ठरले असून हस्तकलेचा तास माझ्याकडे आला आहे. आठ ते बारा वर्षांची चौदा मुले आहेत. गेल्या वर्षी मी शाडूची हनुकिया (हनुक्का सणाची दीपदाणी) करून घेतली. मुलांनी हौसेने आठही दिवे गोलाकार मांडले आणि एका वडीलधाऱ्यांनी ते पाहून, "सुरेख आहे, पण लावता येणार नाही," असे सांगितले. दिवे सरळ रांगेत व सारख्या उंचीवर हवेत आणि शम्माश (बाकीचे दिवे लावण्याचा नववा दिवा) तेवढा वेगळा, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. यंदा माळ्यावर जाणार नाही अशी वस्तू हवी आहे. मनात मेझुझा (दाराच्या चौकटीवर लावायची, आत धर्मवचनांचे चर्मपत्र असलेली डबी) आहे. शिबिर बुधवार ते रविवार असल्यामुळे शब्बाथ (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंतचा विश्रांतीचा दिवस) मध्येच येतो.

कॅम्पातली मावशी
मेझुझाची मुले फक्त डबी करू शकतील. आतील चर्मपत्रावर तोरातील 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या व अकराव्या अध्यायांतील उतारे सोफेराने (धर्मग्रंथ लिहिणाऱ्या लेखनिकाने) हाताने लिहिलेले असावे लागतात, छापील कागद चालत नाही, आणि चौदा चर्मपत्रांचा खर्च शिबिराला झेपेल असे वाटत नाही. म्हणजे पुन्हा रिकामी डबीच घरी जाणार.

त्यापेक्षा हवदाल्याची, म्हणजे शब्बाथ संपवण्याच्या विधीची, मेणबत्ती करावी. तिच्या ज्योतीत एकाहून अधिक वाती एकत्र जळाव्या लागतात, म्हणून तिची वेणी घालतात, आणि वेणी घालणे निम्म्या मुलींना तरी शिकवावे लागणार नाही. (मुलगे मागे राहतील असे समजू नका, माझा नातू आता माझ्यापेक्षा घट्ट घालतो.) मधमाश्यांच्या मेणाच्या बारीक मेणबत्त्या मिळाल्यास उत्तम, कारण साधे पॅराफिन वळवताना तुटते. रविवार पेठेत बोहरी आळीत चौकशी करावी. प्रत्येकी तीन मेणबत्त्या कोमट पाण्यात मऊ होईपर्यंत ठेवाव्यात. पाणी कडकडीत असेल तर मेण सुटून वात उघडी पडते. हे काम सकाळीच उरकावे, मे महिन्यातल्या दुपारी मेण आपण होऊनच वाकते. सोबत त्याच विधीत हुंगायच्या लवंग, दालचिनी, वेलचीसाठी पातळ तांब्याच्या पत्र्याची लहान डबी करता येईल. पत्र्यावर बोथट टोकाने उठाव देणे मुलांना जमते. शक्य झाल्यास आधी एक सकाळ तांबट आळीतले मठारकाम (तांब्यावर ठोके देऊन केलेले काम) दाखवून आणावे, म्हणजे ठोक्याची नक्षी कशी उमटते ते कळेल.

जुना कलाशिक्षक
मावशींशी सहमत आहे. फक्त वेळापत्रक पाहावे. शब्बाथला वर्ज्य असलेल्या 39 कामांत रंगवणे, लिहिणे, गाठ मारणे, कापडाला दोन टाके घालणे हीसुद्धा येतात. म्हणून शुक्रवारी सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी हस्तकलेची खोली बंदच करावी, नाहीतर एखादे मूल "एवढेच रंगवतो" म्हणत ब्रश उचलते आणि त्याला रागावण्याची वेळ आपल्यावर येते.

शवुओत (तोरा मिळाल्याचा सण) जवळ असल्याने कोणी कागदी कातरकाम सुचवील. पोलंडच्या यहुदी घरांत त्या सणाला खिडक्यांवर अशी कातरणे लावत असत. कागद दुमडून फुले, पाने, सिंह सुरेख निघतात, पण हिब्रू अक्षरे दुमडीत कापल्यास एका बाजूची उलटी येतात, हे मी पंचवीस कागद वाया घालवून शिकलो. अक्षरे घडी उलगडल्यावर कापावीत. आणि सरावाच्या कागदावर देवाचे चार अक्षरी नाव लिहू देऊ नये, कारण असा कागद केराच्या टोपलीत टाकता येत नाही, जपून ठेवून पुढे पुरावा लागतो.

रास्तापेठकर
मावशी, सर, आभारी आहे. मेझुझा सोडला. गुरुवारी सकाळी वेण्या, शुक्रवारी दुपारपर्यंत डब्या, आणि शनिवारी तारे दिसल्यावर मुले आपापल्या मेणबत्तीवर हवदाला तिथेच करतील, उरलेली मेणबत्ती रविवारी घरी जाईल. आता एकच शंका आहे : चौदा वेण्या एकाच वेळी पेटल्यावर सभागृहातले पंखे बंद ठेवावे लागतील, त्यापेक्षा अंगणातच उभे राहावे का?